मुंबईत अडकलेलं एक वर्ष



ईस्टर झाल्यावरच्या आठवड्यात आम्ही दीडशे पत्रकं छापून आणली. सकाळी आठची मराठी उपासना जूनपासून बंद करून साडेनऊच्या इंग्रजी उपासनेत मिळवावी, असा त्यात मजकूर होता. आम्ही म्हणजे संडे स्कूल आणि गायनाचं काम बघणारे पाच-सहा जण. कारण खरंच होतं. आमच्या बेळगावात मुलं कन्नड नाहीतर इंग्रजी माध्यमात शिकतात. संडे स्कूलच्या बावीस मुलांपैकी मराठी शास्त्रपाठ न अडखळता वाचणारी चार. पाळकसाहेब म्हणाले, मंडळीपुढे मांडा. आम्ही मांडायच्या आधीच छापून मोकळे झालो.

पत्रक पहिल्यांदा हातात पडलं ते आमच्यातल्या सगळ्यात वयस्कर आजींच्या. त्यांनी चष्मा पुसून ते दोनदा वाचलं आणि एवढंच विचारलं, "ह्यासाठी प्रार्थना कधी केलीत रे पोरांनो?" आम्ही म्हटलं, केली ना. मग आमचं आम्हालाच आठवलं की ती केली होती पत्रकं छापून आल्यावर, आणि सभा सुरळीत पार पडू दे म्हणून केली होती.

सभा पुढे गेली. मधल्या काळात मराठी उपासना आपल्याकडे आली कुठून, हे जरा वाचून काढा, असं काम आमच्याकडे आलं. वाचता वाचता आम्ही येऊन थांबलो ते १८१३ सालच्या मुंबईत. तिथे दोन तरुण अमेरिकन मिशनरी बसले होते. पुढे जायची परवानगी नाही, मागे जायची इच्छा नाही. त्यांची गोष्ट आज सांगतो. आमच्या पिढीच्या ती फारशी कानावर आलेली नाही.

६ फेब्रुवारी १८१२ रोजी अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधल्या सेलम गावात पाच तरुणांना दीक्षा देण्यात आली. अडोनायरम जडसन, सॅम्युएल नॉट, सॅम्युएल न्यूएल, गॉर्डन हॉल आणि ल्यूथर राइस. त्यांना पाठवणारं अमेरिकन बोर्ड अवघं दोन वर्षांचं होतं. परदेशी पाठवलेले हे त्याचे पहिलेच मिशनरी. बोर्डाच्या मनात प्रामुख्याने ब्रह्मदेश होता. मराठी भाषेचा कोणी विचारही केला नव्हता, हे लक्षात ठेवा.

दोन जहाजांतून ही मंडळी कलकत्त्याला निघाली. जडसन आणि न्यूएल ही जोडपी १७ जून १८१२ रोजी पोहोचली. दुसऱ्याच दिवशी, १८ जूनला, अमेरिकेने इंग्लंडविरुद्ध युद्ध पुकारलं. ती बातमी कलकत्त्याला यायला महिने लागले, पण आली तेव्हा हे सगळे एका रात्रीत शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. त्याआधीही स्वागत नव्हतंच. १८०६ मध्ये वेल्लोरला शिपायांचं बंड झालं, त्याचं खापर बऱ्याच इंग्रजांनी मिशनरी कामावर फोडलं होतं. ईस्ट इंडिया कंपनीला आपल्या मुलुखात धर्मप्रचारक नकोच होते. लॉर्ड मिंटो गव्हर्नर जनरल होते. हुकूम सुटला, की या लोकांनी देश सोडावा.

मग ही छोटी टोळी पांगली. जडसन जहाजावरच बाप्तिस्म्याच्या प्रश्नाचा अभ्यास करत आले होते. कलकत्त्यात त्यांनी बुडवून बाप्तिस्मा घेतला आणि ज्या बोर्डाने पाठवलं त्याच्याशीच नातं संपलं. राइस त्यांच्यामागे गेले. न्यूएल आपली पत्नी हॅरिएट हिला घेऊन मॉरिशसच्या जहाजात बसले. वाटेत समुद्रावरच त्यांचं तान्हं बाळ गेलं, आणि ३० नोव्हेंबर १८१२ रोजी पोर्ट लुईला हॅरिएटही गेली. ती एकोणीस वर्षांची होती. उरले हॉल, नॉट आणि नॉट यांची पत्नी.

यांच्या कानावर आलं की मुंबईला सर इव्हान नेपियन नावाचे नवे गव्हर्नर आले आहेत आणि ते शास्त्रप्रसाराला अनुकूल आहेत. नेपियन म्हणजे इंग्लंडच्या नौदल खात्याचे अनेक वर्षं सेक्रेटरी राहिलेले मुरलेले अधिकारी. हॉल आणि नॉट यांनी मुंबईला जायचा परवाना मिळवला. तेवढ्यात हुकूम निघाला की यांना इंग्लंडलाच रवाना करा. हातात जुना परवाना, डोक्यावर नवा हुकूम. ते जहाजात बसले आणि २० नोव्हेंबरला कलकत्त्याहून निघाले. १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईला उतरले. कलकत्त्याचं पत्र त्यांच्या मागोमाग होतंच: या दोघांना इंग्लंडच्या जहाजावर बसवा.

इथून पुढे सगळं वर्ष अर्ज, उत्तरं, मुदतवाढ आणि पुन्हा अर्ज. नेपियन त्यांच्या बाजूने होते, पण वरचा हुकूम मोडणं त्यांच्या हातात नव्हतं. ते एवढंच करू शकत होते की पाठवणी आज नाही, उद्या करू. अशी उद्या-उद्या करत महिने गेले. हॉल आणि नॉट यांनी त्या महिन्यांत काय केलं? एक पंडित गाठला आणि मराठी शिकायला बसले. उद्या हाकलतील की परवा, याचा पत्ता नाही, आणि हे बाराखडी गिरवत होते. आम्हाला या गोष्टीतलं सगळ्यात आवडलेलं चित्र हेच. बोचकी बांधलेलीच असतील, आणि शेजारी धडा उघडा.

वाट पाहणं म्हणजे हात जोडून गप्प बसणं, असा एक समज आपल्यात आहे. "देव दाखवील तेव्हा बघू" असं म्हणून आपण कित्येकदा आळसाला भक्तीचं नाव देतो, हे कबूल करायला हवं. या दोघांचं थांबणं तसलं नव्हतं. जेवढी वाट पायाखाली दिसत होती तेवढी ते चालत होते, आणि दिसत होती ती फक्त मराठीची बाराखडी.

पण वर्ष संपत आलं तसा त्यांचा धीर सुटला.

न्यूएल एव्हाना सिलोनला पोहोचले होते. सिलोन थेट इंग्लंडच्या राजाच्या ताब्यात, कंपनीचा हुकूम तिथे चालत नसे. तिथे काम करायला मोकळीक होती. मुंबईत मात्र पाठवणीची तारीख जवळ येत होती. १८१३ च्या शेवटच्या महिन्यांत हॉल आणि नॉट गव्हर्नरांची परवानगी न घेता, गुपचूप, किनाऱ्याने जाणाऱ्या एका जहाजात बसले. कोचीनपर्यंत जायचं आणि तिथून सिलोन गाठायचं, असा बेत होता.

कोचीनला त्यांना अडवलं आणि परत मुंबईला आणलं.

आता या प्रसंगाकडे बघताना आपण घाईने निवाडा करू नये. त्यांच्या बाजूने बोलण्यासारखं पुष्कळ आहे. त्यांना पैसा नको होता, सुख नको होतं. सुवार्ता सांगा अशी प्रभूची आज्ञा आहे आणि माणसांच्या हुकमापेक्षा ती मोठी आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. पेत्र आणि योहान यांनीही सभेपुढे तेच म्हटलं होतं. शिवाय कलकत्त्याहूनही ते हुकूम डावलूनच निघाले होते, आणि ते तर फळाला आलं! मग तीच गोष्ट मुंबईत केली तर चुकलं कुठे?

आम्ही यावर बराच वाद घातला. आमच्यातला एक जण म्हणाला, सरळ आहे, जे यशस्वी झालं ते देवाकडून, जे फसलं ते आपल्याकडून. पण हे माप आम्हाला पटलं नाही. या मापाने मोजलं तर हॅरिएट न्यूएलचं जाणंही चूक ठरेल, आणि खुद्द प्रभूचा वधस्तंभही. यशावरून मार्गदर्शन ओळखता येत नाही.

आम्हाला फरक दिसला तो दुसरीकडे. कलकत्त्याहून निघताना त्यांनी कुणाचा विश्वास मोडला नव्हता. परवाना हातात होता आणि भांडण हुकूम काढणाऱ्यांशी होतं. मुंबईत मात्र एक माणूस त्यांच्यासाठी स्वतःचं नाव पणाला लावून बसला होता. नेपियन यांनी महिनेच्या महिने वरच्यांची नाराजी सोसून त्यांना ठेवून घेतलं होतं. हे पळाले तेव्हा अडचणीत आले ते नेपियन. गव्हर्नरांनीच डोळेझाक केली असेल, असं म्हणायला कलकत्त्याला जागा मिळाली. देवाने ज्या माणसाच्या रूपाने दार किलकिलं ठेवलं होतं, त्याच माणसाच्या तोंडावर यांनी ते आपटलं. आणि हे करताना त्यांना वाटत होतं की आपण आज्ञा पाळतो आहोत. यात भीती वाटण्यासारखं काही असेल तर ते हे. उतावळेपणा आणि आज्ञापालन आतून अगदी सारखं वाटू शकतं.

शौल राजाचंही गिलगालला असंच झालं होतं. पलिष्टी जमले होते, लोक पांगत होते, शमुवेल सांगितलेल्या सात दिवसांत आला नव्हता. शौलाने काय केलं? चोरी नाही, मूर्तिपूजा नाही. देवालाच होमबली वाहिला. तो वाहून संपतो न संपतो तोच शमुवेल समोर. आपण लहानपणापासून ही गोष्ट ऐकत आलो आहोत, पण शौलाची कारणं किती शहाणपणाची होती याकडे आपलं लक्ष जात नाही. आमची पत्रकंही तशी शहाणपणाचीच होती.

आता या गोष्टीतली ती बाजू, जी वाचल्यावर आम्ही थोडा वेळ पुस्तक मिटून ठेवलं. इंग्लंडच्या पार्लमेंटात त्याच वर्षी कंपनीच्या सनदेचं नूतनीकरण चाललं होतं. शाळेत आपण १८१३ चा चार्टर ॲक्ट शिकतो तो हाच, शिक्षणासाठी वर्षाला एक लाख रुपयांची तरतूद करणारा. त्याच कायद्यात मिशनऱ्यांना परवाना घेऊन हिंदुस्थानात येण्याची वाटही मोकळी झाली. कायदा संमत झाला २१ जुलै १८१३ रोजी. म्हणजे हॉल आणि नॉट मुंबईतून पळाले त्याच्या कितीतरी आठवडे आधी! बातमी शिडाच्या जहाजातून आफ्रिकेला वळसा घालून येत होती. युद्धातल्या शत्रुराष्ट्राच्या लोकांना तो कायदा आपोआप लागू होत नव्हता, हे खरं; पण वारा बदलला होता. ज्या दाराची कडी निघाली होती, त्या दाराकडे पाठ करून हे दोघे कोचीनला निघाले होते. आपल्याला दिसत नाही म्हणून देव काही करत नाही, असं धरून चालण्यात किती धोका आहे, ते आम्हाला या एका तारखेने शिकवलं.

परत आणल्यावर पुन्हा तेच. डिसेंबरात इंग्लंडच्या जहाजावर चढवण्याची तयारी झाली. हॉल यांनी नेपियन यांना शेवटचं निवेदन लिहिलं. त्यात अजिजी कमी आणि कळकळ जास्त होती. आपण दोघंही एक दिवस ख्रिस्ताच्या न्यायासनापुढे उभे राहणार आहोत, याची त्यांनी गव्हर्नरांना आठवण करून दिली. ज्याला न सांगता पळून गेलो होतो त्याच माणसाला असं पत्र लिहायला केवढं धैर्य लागलं असेल. नेपियन यांचं मनही मोठंच म्हणायला हवं. राग धरून बसायला त्यांना पुरेसं कारण होतं, पण जहाज निघायच्या बेताला पाठवणी थांबली. पुढे लंडनला कंपनीच्या संचालकांपुढे चार्ल्स ग्रँट यांनी त्यांची बाजू मांडली आणि राहायची मुभा मिळाली. आपली मराठी मिशन उभी राहिली ती अशी. तिची जागा कुणी नकाशावर बोट ठेवून निवडली नव्हती.

प्रेषितांच्या कृत्यांच्या सोळाव्या अध्यायात पौल आशियात वचन सांगायला निघतो, पवित्र आत्मा अडवतो. बिथुनियाकडे वळतो, तिथेही जाऊ देत नाही. शेवटी त्रोवसला समुद्रकाठी येऊन ठेपतो, आणि तिथे रात्री मासेदोनियाच्या माणसाचा दृष्टान्त होतो. आपण प्रवचनात दृष्टान्तावर भर देतो. आधीचे दोन नकार सहसा एका वाक्यात उरकतो. पण पौल त्रोवसला पोहोचला तो त्या नकारांमुळेच. ब्रह्मदेश नाही, कलकत्ता नाही, सिलोन नाही, असं होत होत मराठी माणसाच्या दारात हे दोघे उभे राहिले. गंमत अशी की ब्रह्मदेशात पोहोचले ते जडसन, बोर्ड सोडून गेलेले. १८१३ च्या जुलैत रंगूनला उतरले आणि पहिल्या बाप्तिस्म्यासाठी त्यांना सहा वर्षं थांबावं लागलं.

मुंबईतलं पुढचं काम थोडक्यात सांगतो. १८१४ मध्ये न्यूएल येऊन मिळाले. १८१५ मध्ये नॉट प्रकृतीमुळे मायदेशी परतले. त्याच वर्षी पहिली शाळा निघाली, दोनेक वर्षांत छापखाना आला, १८२४ मध्ये मुलींची शाळा सुरू झाली. न्यूएल १८२१ मध्ये पटकीने वारले. मंडळीत येणारे मात्र बोटांवर मोजण्याइतकेही नव्हते. या वर्षांत हॉल यांनी ज्या कामाला सगळ्यात जास्त वेळ दिला ते म्हणजे नव्या कराराचं मराठी भाषांतर, तेही एकट्याने नव्हे, सोबत्यांबरोबर, पुन्हा पुन्हा तपासून. सेरामपूरच्या कॅरीसाहेबांचं मराठी भाषांतर आधी निघालं होतं. या लोकांना ते देशावरच्या आणि कोकणातल्या माणसाच्या कानाला आपलं वाटेल असं हवं होतं. मुंबईचा तो नवा करार १८२६ मध्ये छापून पूर्ण झाला. बाराखडीपासून तिथवर तेरा वर्षं. वर्षभर अर्ज करत बसलेल्या त्या माणसाला घाई कशी करू नये ते आता कळलं होतं, असं आम्हाला वाटतं. हा आमचा तर्क आहे.

मात्र त्याच वर्षी हॉल यांनी एक गोष्ट विलंब न लावता केली. मार्च १८२६ मध्ये ते दोन विद्यार्थ्यांना घेऊन नाशिककडे गेले. तिथे पटकीने थैमान घातलं होतं. जवळ औषध होतं ते संपेपर्यंत वाटलं. स्वतःसाठी राखून ठेवलं नाही. पत्नी आणि मुलं आदल्या वर्षी अमेरिकेला गेली होती. परतीच्या वाटेवर एका गावात रात्री देवळाच्या ओसरीत आडवे झाले. ओसरीत इतर आजारीही पडलेले होते. पहाटे उठले तेव्हा त्यांनाही लागण झाली होती. दुपारपर्यंत सगळं संपलं. ती तारीख २० मार्च, वय एक्केचाळीस. बरोबरच्या दोन मुलांनी त्यांना घोंगडीत गुंडाळून तिथेच पुरलं.

आजींना आम्ही हे सगळं वाचून दाखवलं. शेवटी आम्ही विचारलं, नाशिकला जायच्या आधी हॉलसाहेबांनी थांबून मार्गदर्शन मागायला नको होतं का? त्या म्हणाल्या, "आजारी माणूस समोर पडल्यावर काय विचारायचं असतं?"

मराठी उपासनेचं काय करायचं हे अजून ठरलेलं नाही. कदाचित ती साडेनऊच्या उपासनेत मिळवावी लागेलही. चार मुलांवर उपासना चालत नाही, हे आम्ही आजही म्हणतो. पण निदान ज्या वडीलधाऱ्यांनी आम्हाला सकाळी आठला झोपेतून उठवून त्या उपासनेत बसवलं, त्यांना न विचारता आम्ही आता कोचीनचं जहाज पकडणार नाही. सभा आगमनकाळाच्या आधीच्या रविवारी आहे. तोवर दर बुधवारी संध्याकाळी साडेसहाला चर्चच्या मागच्या खोलीत फक्त या एका विषयासाठी प्रार्थना आहे. त्यानंतर अर्धा तास मुलांना मराठी वाचायला शिकवतो. गेल्या बुधवारी नऊ मुलं होती. 'ळ' सगळ्यांना जड जातो. पाट्या कमी पडतात, कुणाच्या घरी असतील तर आणाव्यात. पत्रकं कपाटातच आहेत.